अधिकार आणि चमत्कार

सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात अद्भुतरसाविषयी एक संकोच असतो. बालपणी त्याने नवनाथांच्या कथा ऐकलेल्या असतात, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी अभ्यासाच्या पुस्तकाआड वाचलेल्या असतात. परंतु एकदा परीक्षा आटोपल्या, नोकरी लागली आणि टेबलावर फायलींचा ढीग जमू लागला, की हे सारे मुलांच्या वाट्याला टाकून तो मोकळा होतो. पुढे बदलीच्या गावी एखाद्या रविवारी मुलांच्या हट्टापायी तो जादूचा एखादा इंग्रजी चित्रपट पाहावयास जातो, दोन तास स्वतःही रंगून जातो, आणि बाहेर पडताना मात्र ‘मुलांसाठी आलो होतो’ असे भेटणाऱ्याला आवर्जून सांगतो.

ह्या संकोचाचे कारण आम्हांला पटत नाही. चित्रपट आणि जादू ह्या एका घरात वाढलेल्या बहिणी आहेत. १९०२ साली पडद्यावर चंद्राची सफर घडवून आणणारा फ्रेंच चित्रकार जॉर्ज मेलिये हा मूळचा जादूगार. पॅरिसमधील जादूच्या प्रयोगांचे नाट्यगृहच त्याच्या मालकीचे होते. आपले दादासाहेब फाळकेही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ ह्या नावाने हातचलाखीचे प्रयोग करीत असत. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) ह्या त्यांच्या चित्रपटांनी प्रेक्षकांना जे वेड लावले, त्यात भक्तीइतकाच वाटा त्या जुन्या करामतीचा होता. तेव्हा चित्रपटात जादू आहे म्हणून तो हलका, हा न्याय टिकण्यासारखा नाही. विचारावयाचे असेल तर एवढेच विचारावे, की ह्या जादूचे मोल कथेत कोणी चुकवले आहे काय, आणि चुकवले असल्यास पुरते चुकवले आहे काय?

हा प्रश्न मनाशी ठेवून आम्ही ‘डॉक्टर स्ट्रेंज’ ह्या चित्रपटाचा विचार करू इच्छितो. २००८ सालच्या ‘आयर्न मॅन’पासून मार्व्हल ह्या अमेरिकन संस्थेने अतिमानवी नायकांच्या चित्रपटांची जी साखळी ओवली, तिच्यातील हा चौदावा मणी. स्कॉट डेरिक्सन ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१६ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. त्यानंतर ह्या साखळीत कितीतरी भर पडली आहे. तरीही नायकाच्या उत्पत्तीची कथा सांगणाऱ्या चित्रपटांचे गुण आणि दोष ह्या दोन्हींचा इतका स्वच्छ नमुना दुसरा आढळणे कठीण, म्हणून तो आम्ही निवडला आहे.

कथानक थोडक्यात असे. स्टीफन स्ट्रेंज हा न्यूयॉर्कमधील मेंदूच्या शस्त्रक्रियांचा नामांकित तज्ज्ञ. बुद्धिमान, श्रीमंत आणि कमालीचा गर्विष्ठ. भरधाव मोटार हाकीत असतानाच रोग्याची छायाचित्रे पाहण्याच्या नादात त्याला अपघात होतो, आणि ज्या हातांवर त्याची सारी प्रतिष्ठा उभी, तेच हात कायमचे कापू लागतात. उपाय शोधता शोधता पैसा संपतो, जिवाभावाची माणसे दुरावतात. शेवटी एका रोग्याच्या सांगण्यावरून तो काठमांडूला ‘कामार-ताज’ नावाच्या गूढ आश्रमात पोहोचतो. तेथे ‘प्राचीन’ एवढ्याच उपाधीने ओळखल्या जाणाऱ्या गुरूपाशी तो मंत्रविद्या शिकतो, गुरूचा भ्रष्ट शिष्य केसिलियस ह्याच्याशी झुंजतो, आणि जगाला गिळू पाहणाऱ्या डोर्मामू नामक तमोमय शक्तीला परतवतो. बेनेडिक्ट कंबरबॅच हे नायक, तर टिल्डा स्विंटन ह्या गुरू आहेत.

हा साचा ओळखीचा आहे, ही तक्रार चित्रपट आला तेव्हापासूनच ऐकू येते आणि ती खोटी नाही. ‘आयर्न मॅन’मध्ये शस्त्रांचा गर्विष्ठ कारखानदार अफगाणिस्तानातील गुहेत छातीची जखम घेऊन नवा जन्म घेतो. २००५ सालच्या ‘बॅटमन बिगिन्स’मध्ये भरकटलेला श्रीमंत तरुण हिमाच्छादित पर्वतावरील मठात युद्धविद्या शिकून आपल्या शहरी परततो. त्याही मागे गेल्यास १९३३ साली जेम्स हिल्टनने ‘लॉस्ट होरायझन’ ह्या कादंबरीत हिमालयाच्या कुशीत ‘शांग्रिला’ वसवले होते, आणि चारच वर्षांनी फ्रँक काप्राने ते पडद्यावर आणले. थकलेल्या पाश्चात्त्य मनाने पूर्वेकडील डोंगरात जावे आणि काहीतरी घेऊन यावे, ही वाट अशी चांगलीच मळलेली आहे.

परंतु साचा असणे हा दोष कसा? आपल्या कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग ह्यांची चौकट असतेच. हरिश्चंद्राला राज्य परत मिळणार हे देवळातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असे, तरी तारामतीच्या प्रसंगी तिचा पदर डोळ्यांना लागल्यावाचून राहत नसे. साच्यामुळे ‘पुढे काय’ ही उत्सुकता संपते. तिच्या जागी ‘कसे’ आणि ‘का’ ह्या अधिक मोलाच्या जिज्ञासा जाग्या होतात. त्या भागवल्या, की साचा प्रेक्षक विसरून जातो. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ त्या भागवतो का, हे पाहावयास हवे, आणि त्यासाठी आपल्या भाषेतील एक शब्द आम्हांला फार उपयोगी वाटतो. तो शब्द म्हणजे ‘अधिकार’.

मराठीत ह्या शब्दाला दोन घरे आहेत. एका घरी अधिकार म्हणजे हुद्दा, सत्ता, सहीची किंमत. दुसऱ्या घरी अधिकार म्हणजे पात्रता. ‘त्यांचा ह्या विषयातील अधिकार मोठा’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या पगाराचा विचार आपल्या मनात नसतो. पहिला अधिकार हुकूमनाम्याने येतो आणि हुकूमनाम्यानेच जातो. दुसरा कोणी देऊ शकत नाही आणि सहसा कोणी काढूनही घेऊ शकत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांचा दिवस पहिल्या अर्थाच्या सावलीत जातो, आणि निवृत्तीची तारीख जवळ येऊ लागली, की दुसऱ्या अर्थाने आपल्यापाशी काय शिल्लक आहे, हा प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतो. ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा विषय, जादूची आरास बाजूला सारली तर, नेमका हाच आहे.

पहिला अधिकार जाण्याची कथा हा चित्रपट उत्तम सांगतो. अपघातापूर्वी स्ट्रेंज रोगी निवडतो ते आपला लौकिक अभंग राहील अशा बेताने. हाताला यश येण्याची खात्री नसलेली माणसे तो नाकारतो. अपघातानंतर तो स्वतः दुसऱ्या तज्ज्ञाकडे याचना करतो, तेव्हा त्या तज्ज्ञालाही आपल्या लौकिकाची चिंता असते आणि तो नकार देतो. आपलाच नियम आपल्यावर उलटल्याचे पाहणाऱ्या मनुष्याचा चेहरा कंबरबॅच ह्यांनी फार संयमाने दाखवला आहे. ज्याच्यामुळे त्याला काठमांडूचा पत्ता लागतो, तो पँगबोर्न नावाचा पांगळा मनुष्यही स्ट्रेंजने एके काळी तपासण्याचे नाकारलेल्यांपैकीच एक. क्रिस्टीन ही सहकारी डॉक्टर त्याला सावरू पाहते, तर हुद्दा गेलेल्या मनुष्याच्या कडवटपणाने तो तिलाच घायाळ करतो. रेचल मॅकॲडम्स ह्यांच्या वाट्याला भूमिका लहान आली आहे. तथापि कोणाच्या घरात असा प्रसंग पाहिलेल्यांना तिची उंची लगेच उमगेल. येथवर पडद्यावर जादूचा लवलेश नाही आणि तिची उणीवही भासत नाही.

अडचण येते ती दुसरा अधिकार मिळवण्याच्या प्रसंगी. स्ट्रेंजला आश्रमाबाहेर हाकलले जाते, तो काही तास दार ठोठावीत बसतो आणि दार उघडते. मार्ग उघडण्याची किमया जमेना, तेव्हा गुरू त्याला एव्हरेस्टवर सोडून देते आणि जीव वाचवण्याच्या निकडीने ती त्याला साधते. मग तो ग्रंथालयातील पोथ्या भराभरा वाचू लागतो. संस्कृत येते का, ह्या प्रश्नाला भाषांतर करणारे यंत्र हाताशी असल्याचे मिस्कील उत्तर देतो. देह झोपलेला असताना सूक्ष्मदेहाने रात्रभर अध्ययन करण्याची त्याची युक्ती तर खात्याच्या परीक्षेला बसलेल्या कोणाही मनुष्याला हेवा वाटावा अशी आहे. हे सारे मनोरंजक आहे. परंतु ह्यात साधना कोठे आहे? जो मनुष्य शस्त्रक्रिया शिकताना स्मरणशक्तीच्या बळावर पुढे गेला, तोच त्याच बळावर मंत्रविद्येतही पुढे जातो. गर्व उतरत नाही. त्याची केवळ बदली होते.

मूळ चित्रकथेशी तुलना केल्यास ही उणीव अधिक ठसठशीत दिसते. स्टीव्ह डिट्को आणि स्टॅन ली ह्यांचा हा नायक १९६३ साली ‘स्ट्रेंज टेल्स’ ह्या नियतकालिकात अवतरला, आणि त्याच वर्षअखेरीस त्याच्या उत्पत्तीची गोष्ट अवघ्या आठ पानांत सांगितली गेली. त्या गोष्टीत गुरू त्याला स्वार्थी म्हणून बरे करण्याचे नाकारतो. मॉर्डो हा शिष्य गुरूच्या घाताचा कट करीत असल्याचे स्ट्रेंजला कळते. पण मॉर्डो मंत्राने त्याची वाचा बांधतो, गुरूला सावध करणे अशक्य होते. तेव्हा स्वतःच्या हातांचा विचार सोडून, केवळ ह्या अधर्माला तोंड देता यावे म्हणून, तो शिष्यत्व मागतो. गुरूला कटाची जाणीव आधीपासूनच असते. तो ज्याची वाट पाहत असतो, तो हा मनाचा पालट. आठ पानांच्या स्वस्त चित्रकथेने क्रम अचूक धरला होता: आधी स्वार्थत्याग, मग विद्या. एकशे पंधरा मिनिटांच्या चित्रपटाने तो उलटा केला आहे. येथे विद्या आधी मिळते, आणि हात बरे करण्याचा हेतू अर्ध्याहून अधिक कथा तसाच राहतो.

आपल्या परंपरेने ह्या क्रमाचा विचार फार बारकाईने केला आहे. कर्णाने जात लपवून परशुरामापासून अस्त्रविद्या घेतली. विद्या खरी, पण ऐन प्रसंगी ती आठवणार नाही हा शापही तिच्याबरोबर आला. योगशास्त्राने सिद्धींची यादी दिली आणि त्याच ठिकाणी त्या समाधीच्या मार्गातील अडथळे असल्याचेही बजावले. सर्वांत मार्मिक कथा चांगदेवांची. योगबळाने चौदाशे वर्षे काळाला चकवणारा हा सिद्ध ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसला आणि मायन्यापाशीच अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा लागतो! अखेर त्याने कोरा कागद पाठवला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा शेरा त्यावर मुक्ताबाईने मारल्याचे सांगतात. ज्येष्ठतेच्या याद्या आणि पत्रव्यवहाराचे शिष्टाचार ह्यांत मुरलेल्या आमच्या वाचकांना चांगदेवांची ही पंचाईत चटकन कळेल. एक अधिकार वर्षांनी मोजला जातो, दुसरा मोजता येत नाही; आणि ‘चांगदेव पासष्टी’ ही त्या कोऱ्या कागदालाच मिळालेली पोच आहे.

चांगदेवांची आठवण उगाच झाली नाही. चित्रपटातील गुरूही ज्या तमोमय शक्तीविरुद्ध शिष्यांना सावध करते, त्याच शक्तीतून गुपचूप आयुष्य उसने घेऊन शतकानुशतके जगलेली असते. हे कळताच मॉर्डोची श्रद्धा कोसळते. नियम मोडले तर हिशेब केव्हातरी चुकता करावाच लागतो, हे त्याचे म्हणणे. आणि चिवेटेल एजिओफोर ह्यांनी ते इतक्या कळकळीने मांडले आहे की काही काळ चित्रपटाचा नैतिक केंद्रबिंदू नायकाकडून त्याच्याकडे सरकतो. वरिष्ठाने नियम शिकवायचे आणि वरिष्ठानेच आडबाजूने मोडायचे, ह्या दृश्याने प्रामाणिक कनिष्ठाचे काय होते, हा प्रश्न लहान नाही. पटकथेने तो विचारला, पण उत्तराची उधारी पुढील चित्रपटावर टाकली. २०२२ साली दुसरा भाग आला. त्यातला मॉर्डो निराळ्याच विश्वातला निघाला. उधारी तशीच राहिली.

येथे स्थळाविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत. चित्रपटाचे काही चित्रण खुद्द काठमांडूच्या खोऱ्यात, पशुपतिनाथ, स्वयंभू आणि पाटणच्या दरबार चौकाच्या परिसरात, २०१५ च्या नोव्हेंबरात झाले. एप्रिलमधील भीषण भूकंपाला तेव्हा पुरते वर्षही लोटले नव्हते. परंतु कॅमेरा त्या प्राचीन नगरातून घाईने जातो, आणि आश्रमाच्या आत शिरताच नेपाळ संपतो. वस्तुतः मराठी प्रेक्षकाला हे खोरे परके नाही. पाटणमध्ये वैशाखात ज्याचा उत्तुंग रथ निघतो तो रातो मच्छिंद्रनाथ, म्हणजे ‘नवनाथ भक्तिसारा’तून आपल्या घराघरांत पोहोचलेल्या आणि ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेच्या मुळाशी असलेल्या नाथाचेच नाव. बौद्ध त्यालाच अवलोकितेश्वर मानतात. तेथील कथेप्रमाणे गोरखनाथ नागांना आसनाखाली दाबून समाधीस बसला, तेव्हा बारा वर्षे पाऊस पडला नाही. अखेर कामरूपाहून गुरू मच्छिंद्राला आणले, गुरूला वंदन करण्यासाठी गोरख उठला, आणि नाग सुटून पाऊस आला. जिथे कोणाच्याही बळाने जे झाले नसते, ते शिष्याच्या एका नमस्काराने झाले. हे मच्छिंद्र-गोरख आपल्या पडद्याला नवे नाहीत. प्रभातने १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ काढला, त्यात गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ होते. ज्या भूमीत गुरुशिष्यांची अशी कथा रथावर बसून फिरते, तेथे येऊन गुरुशिष्यांचाच चित्रपट काढणाऱ्यांना तिची चाहूलही लागू नये, ह्याचे वाईट वाटते.

गुरूच्या निवडीचा वाद ह्याच अनास्थेतून उद्भवला. चित्रकथेतील तिबेटी वृद्धाच्या जागी येथे केल्टिक वंशाची स्त्री आली. तिबेटी पात्र दाखवल्यास चीनमधील प्रेक्षक दुरावण्याचा धोका होता, असे पटकथेच्या सहलेखकांपैकी एकाने २०१६ मध्येच बोलून दाखवले. जुन्या ठशाचा पौर्वात्य गुरू टाळण्याचा आपला हेतू होता, असे निर्मात्यांच्या बाजूने सांगण्यात आले. मात्र निर्माते केव्हिन फायगी ह्यांनी २०२१ साली ह्या निवडीविषयी खेद व्यक्त केला. स्विंटन ह्यांचा अभिनय शांत, खोल आणि मिस्कील आहे, ह्यात शंका नाही. परंतु पूर्वेची विद्या हवी, पूर्वेचा पत्ता हवा आणि पूर्वेचा मनुष्य मात्र अडचणीचा, असा हा व्यवहार झाला. आश्रमाच्या ग्रंथालयाचा रक्षक वाँग हाच काय तो त्यातल्या त्यात दिलासा.

इतके असूनही हा चित्रपट आम्ही टाकाऊ मानीत नाही, आणि त्याचे कारण केवळ डोळे दिपवणारी दृश्ये हे नव्हे. घडी घातल्याप्रमाणे दुमडणारी नगरे आणि भिंतींवरून चालणारी माणसे दाखवणारी करामत अव्वल दर्जाची आहे. मेलिये आणि फाळके दोघेही ती पाहून हरखले असते. परंतु खरे मोल आहे ते शेवटच्या भागातील तीन गोष्टींना.

पहिली, गुरूचा मृत्यू. रुग्णालयात तिचा देह अखेरचे श्वास घेत असताना तिचा सूक्ष्मदेह सज्जात उभा राहतो आणि तो एकच क्षण ताणून ती आकाशातील वीज व पडणारा बर्फ पाहत राहते. शतके जगलेल्या ह्या बाईला आणखी एक क्षण हवा असतो. ती शिष्याला सांगते, की हे सारे त्याच्यासाठी चाललेले नाही, आणि ही सर्वांत सोपी गोष्ट त्याला अजून कळलेली नाही. चित्रकथेने आरंभी केलेली परीक्षा चित्रपट येथे, फार उशिरा, पण मनःपूर्वक घेतो. दुर्दैवाने लगेच नायकाचा जादूचा झगा त्याचे अश्रू पुसू लागतो आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. शोकाला अर्धी घटकाही न देण्याची ही सवय ह्या साऱ्या चित्रमालिकेचाच रोग आहे.

दुसरी गोष्ट, डोर्मामूचा पराभव. अशा चित्रपटांच्या अखेरीस नायक शत्रूपेक्षा बलवान ठरतो. येथे तो शेवटपर्यंत दुर्बळच आहे. तो काळाचे एक आवर्तन रचतो आणि त्यात पुनःपुन्हा मरतो, पुनःपुन्हा तीच मागणी घेऊन उभा राहतो, तोवर की काळ ठाऊक नसलेली ती शक्तीच कंटाळून माघार घेते. सरकारी भाषेत बोलावयाचे तर हा तगाद्याचा विजय आहे! ज्याला एकही शस्त्रक्रिया फसणे सहन होत नव्हते, तो अगणित वेळा हरण्यास तयार होतो. साचा येथे मोडतो, आणि नायक घडतो तोही येथेच.

तिसरी गोष्ट, त्याचे हात. ते अखेरपर्यंत कापतच राहतात. विद्येने ते त्याला बरे करता आले असते. पँगबोर्नने आपले पाय तसेच परत मिळवले होते. स्ट्रेंज तो मार्ग सोडतो. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’ने (१९१३) ज्या कचाची कथा आपल्या रंगभूमीवर आणली, त्याला देवयानीचा शाप होता, की संजीवनी विद्या त्याला स्वतःला फळणार नाही; त्याने ज्यांना ती शिकवली, त्यांना मात्र ती फळली. कचावर हा शाप लादला गेला. स्ट्रेंज तो आपण होऊन पत्करतो. दुसऱ्या अधिकाराची ह्याहून चांगली खूण आम्हांला ठाऊक नाही.

तात्पर्य, जादूचे मोल ह्या चित्रपटात चुकवले जाते. फक्त ते विद्या हाती आल्यावर, थोडे थोडे, हप्त्यांनी चुकवले जाते. कर्ज आधी आणि तारण मागाहून, असा हा उलटा व्यवहार असल्यामुळे मधला भाग हलका राहिला आहे. ज्यांना मुलांबरोबर तो पाहण्याचा प्रसंग येईल त्यांनी मधल्या भागात मुलांचा आनंद पाहावा आणि शेवटच्या भागात स्वतःसाठी पाहावे. अखेरच्या दृश्यात स्ट्रेंज फुटलेले, बंद पडलेले घड्याळ त्या थरथरत्या हाताने मनगटावर बांधतो. त्यात वेळ दिसत नाही, दुरुस्त करण्याची त्याला इच्छा नाही. हुद्दा गेल्यानंतरही ज्याच्यापाशी करण्यासारखे काम उरते, त्याला वेळ पाहण्यासाठी घड्याळ लागत नाही.